पाच बाणांची खंडेनवमी

“पिसं ही चुकलेल्या माणसाची सोय असते,” असं गुरुनाथ वेर्लेकर एकदा म्हणाले होते.

म्हणाले तेव्हा ते अमेरिकेतल्या हर्नडनच्या आपल्या घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राला पाठ टेकून उभे होते. हातात पंचेचाळीस पौंडी धनुष्य, जुन्या धर्तीचं, चाकं-कप्प्या नसलेलं. समोरच्या कोपऱ्यात, अकरा पावलांवर, चिंध्या ठासून भरलेली गोणी. दोरीला लावलेल्या बाणाला पिसं नव्हती. ऐकायला शंतनू होता, मूळचा पुण्याचा, दोन गल्ल्या सोडून राहणारा, सॉफ्टवेअरमधला. तो सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता, कारण बाणाची वाट सोफ्याच्या पुढ्यातूनच जात होती. त्याला वाटलं, काका आयुष्याबद्दल काहीतरी सांगतायत. तो गंभीर झाला. काका बाणाबद्दलच बोलत होते. गुरुनाथराव आयुष्याबद्दल कधी बोलत नसत. त्याचं वजन करता येत नाही.

ते मूळचे वेंगुर्ल्याचे. विदर्भातल्या एका वीजकेंद्रात सहा वर्षं आणि नंतर अमेरिकेत बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: मोठमोठ्या टर्बाइनचे दांडे फिरताना थरथरू नयेत हे पाहिलं. कुठे एखादा दांडा केसाच्या जाडीइतका हलला की त्यांना फोन जायचा. ते जायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे, कुठेतरी चार ग्रॅमचं वजन बसवायचे आणि परत यायचे. एवढी वर्षं शांतता राखल्याबद्दल कंपनीनं त्यांना निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याची टिकटिक त्यांना असमान वाटली, म्हणून ते खोक्यातच राहिलं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात ते खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात चालायचे बूट घ्यायला गेले. तिथं एका पडद्यावर धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाची फिल्म अगदी सावकाश चालू होती. दोरी सुटली आणि बाण वाकला. आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला, धनुष्याच्या मुठीला वळसा घालत, पाण्यातल्या विरोळ्या सापासारखा तो निघाला, आणि बराच पुढे गेल्यावर मग कुठे सरळ झाला. गुरुनाथरावांनी ती फिल्म चौदा वेळा पाहिली. त्यांच्या पत्नी सुवर्णाताई तोवर बूट घेऊन गाडीत जाऊन बसल्या होत्या.

“अगं, हा दांडा थरथरला नाही तर सरळच जात नाही,” गाडीत बसता बसता ते म्हणाले. आवाज असा, की अडतीस वर्षं कुणीतरी ही गोष्ट त्यांच्यापासून मुद्दाम लपवून ठेवली होती.

चौथ्या दिवशी धनुष्य घरी आलं. बाण यायला दोन महिने लागले, कारण बाण निवडायचे होते.

कार्बनच्या पोकळ काळ्या काड्या मिळतात, आणि प्रत्येकीवर एक आकडा असतो. दोन आधारांवर काडी आडवी ठेवायची, मधोमध ठरलेलं वजन टांगायचं आणि ती किती लवते ते मोजायचं. अर्धा इंच लवली तर पाचशे नंबर. त्याहून कमी लवली तर चारशे. म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढी काडी मऊ. गुरुनाथरावांनी हे जेवताना समजावून सांगितलं तेव्हा सुवर्णाताई म्हणाल्या, माणसांच्या डिग्र्यांचंही तसंच असतं, आणि त्यांनी आमटी वाढली.

दुकानदारानं सांगितलं होतं की पाचशे नंबर घ्या, मागे तीन पिसं चिकटवा आणि मारा; थोडंफार चुकलं तर पिसं सांभाळून घेतात. हे सांभाळून घेणंच गुरुनाथरावांना बोचलं. काडी चुकीची असली तरी पिसं हवेत तिला धरून सरळ करतात, आणि मारणाऱ्याला वाटतं आपलं बरोबर आहे. अशा तऱ्हेनं लोक जन्म काढतात. म्हणून आधी पिसं न लावता मारायचं. त्या बाणाला ते बोडका बाण म्हणत. बोडका बाण उजवीकडे गेला तर काडी मऊ आहे. मागून पाव इंच कापायची, म्हणजे ती कडक होते. डावीकडे गेला तर कडक आहे. पुढे जड टोक बसवायचं. बोडका बाण पिसंवाल्याच्या शेजारी जाऊन रुतला, की मगच पिसं लावायची. तेव्हा खरं तर त्यांची गरज उरलेली नसते.

कापलेली काडी परत जोडता येत नाही. पहिल्या डझनातल्या नऊ काड्या अशाच गेल्या. कापलेल्या चकत्या गुरुनाथराव लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवत, प्रत्येकीवर पांढऱ्या शाईनं तारीख घालून. सुवर्णाताई सावंतवाडीच्या सोनाराची मुलगी. त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, मंगळसूत्राच्या मण्यांना शोभतील, फक्त त्यासाठी नवरा जरा वेगळा असायला हवा होता. टोकांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात हे कळल्यावर मात्र त्यांचा राग थोडा निवळला. दोन ग्रेन म्हणजे साधारण एक गुंज. वडिलांच्या दुकानात गुंजेवरून भांडणं झालेली त्यांनी पाहिली होती. वेडेपणा होता, पण ओळखीचा होता.

तळघरात कपडे काढायला जाताना त्या जिन्यावर थांबून दोनदा खोकत. आत दीर असावा तशा. खालून “ये” असं आलं की उतरत.

गावात शिकाऱ्यांचं एक मंडळ आहे. आसपासच्या रानात हरणं फार झाली आहेत, आणि शरद ऋतूत काही ठरलेल्या जागी धनुष्यानं शिकार करायला मंडळाच्या लोकांना परवानगी मिळते. त्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते. वीस यार्डांवर कागदाची एक थाळी, वाढदिवसाला केक देतात तेवढी. पाच बाण. पाचही थाळीत लागले पाहिजेत. परीक्षा वर्षातून एकदाच.

पहिल्या वर्षी गुरुनाथराव गेले नाहीत, कारण बोडका बाण अर्धा इंच उजवीकडे जात होता. दुसऱ्या वर्षी गेले नाहीत, कारण दोरी नवी होती आणि ती अजून ताणली जात होती. तिसऱ्या वर्षी बाण तयार होते, पण शंतनूचे नव्हते. शंतनूनं हौस म्हणून धनुष्य घेतलं होतं आणि बाजारातून तयार बाण आणले होते. गुरुनाथरावांनी ते पाहिले, उंबरठ्यावर मेलेला उंदीर पाहावा तसे, आणि स्वतःची परीक्षा बाजूला ठेवून तीन आठवडे त्याच्या काड्या कापल्या. शंतनू पास झाला. नोव्हेंबरात त्यानं हरणही मारलं आणि मटणाचा एक तुकडा वेर्लेकरांकडे आणला. सुवर्णाताई मासे खाणाऱ्या; त्या म्हणाल्या, फ्रीजरमध्ये सुरमई आहे आणि खोवलेला नारळ आहे, आणि या वयात नव्या प्राण्याची ओळख नको.

“काका, लाइफमध्ये कुठेतरी रिलीज करावंच लागतं यार,” शंतनू म्हणाला होता.

गुरुनाथरावांनी त्याच्या बाणाची खाच तपासून पाहिली.

चौथं वर्ष शेवटचं होतं. हर्नडनचं घर विकलं गेलं होतं. डिसेंबरात दोघं टेक्सासला, शुगर लँडला, मुलगी हिमानीकडे कायमची राहायला जाणार होती. हिमानी डॉक्टर. तिनं आईवडिलांसाठी दोन खोल्या, देवघर आणि गुडघ्यांचे व्यायाम असं सगळं तयार ठेवलं होतं. तिकडे घरांना तळघरं नसतात. हे गुरुनाथरावांना कळलं त्या दिवशी ते बराच वेळ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होते. संध्याकाळी जेवताना, ताटाकडे पाहत, ते म्हणाले, “मला एक सकाळ त्या ओढ्यावर बसायचंय.”

शंतनूला मंडळानं ओढ्याकाठची जागा दिली होती. शेजारी दोन झाडं होती, एकावर शंतनूचं मचाण, दुसरं झाड रिकामं. हंगामाचा पहिला शनिवार. गुरुनाथराव परीक्षेत पास झाले तर दुसऱ्या झाडावर ते. हरीण आलं तर ते खरोखर बाण सोडतील का, हे कुणी विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात सुवर्णाताईंनी नवऱ्याच्या तोंडून ‘मला हवंय’ असं बहुधा तिसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिले दोन प्रसंग ताकाचे होते. त्यांनी मनात ठरवलं, की आपल्याकडून काही कमी पडू द्यायचं नाही.

परीक्षा दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाला होती. आदल्या दिवशी खंडेनवमी.

त्या दिवशी गुरुनाथराव दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. पाच बाण भात्यात भरून ठेवले होते. डझनातून निवडलेले, एकमेकांत एका ग्रेनचाही फरक नसलेले. सुवर्णाताईंनी देवघरासमोर पाट मांडला. सुऱ्या, विळी, मिक्सरचं भांडं, शिवणयंत्राची कात्री, गाडीची किल्ली, वडिलांचा जुना छोटा तराजू. हत्यारांची पूजा. दर वर्षी एवढंच असतं. या वर्षी घरात खरीखुरी शस्त्रं होती आणि ती भात्यात कोरडी पडली होती. पूजा न झालेलं हत्यार दसऱ्याला बाहेर काढायचं, ते सोनाराच्या मुलीला कसं पटावं?

त्यांनी बाणांना आधी स्नान घातलं. पाण्यात चमचाभर दूध. मग पुसले. टोकं धारदार, तिथं बोट नको, म्हणून हळदीकुंकू मागच्या बाजूला लावलं, पिसांवर. ओलं गंध, ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. पांढरी पिसं होती, रंग छान उठला. त्यांनी फोटो काढून हिमानीला पाठवला.

गुरुनाथराव परत आले तेव्हा अर्धा जबडा बधिर होता. देवघरासमोर उभे राहिले. बाणांवर पिसं म्हणून काही उरलं नव्हतं. दुधानं आणि कुंकवानं ती काडीला चिकटून बसली होती, न्हाऊन निघालेल्या मांजरासारखी. बधिर तोंडानं ते काहीतरी बोलले. सुवर्णाताईंना वाटलं, दुखतंय.

“उद्या सकाळी उत्तरपूजा झाल्याशिवाय पाट हलवायचा नाही हं,” त्या म्हणाल्या. “औषध घ्या आणि पडा.”

ते हलवू शकले असते. पण वीजकेंद्रात असताना खंडेनवमीला पंचवीस हातांच्या टर्बाइनला झेंडूची माळ घालून, तिच्या पोटावर त्यांनी स्वतः कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाला तिथं पान्हाही लावू दिला नव्हता. मुख्य अभियंता आला होता, त्यालाही नाही. माणसाला आपलेच नियम असे शोधत येतात, इतक्या वर्षांनी, सातासमुद्रांपलीकडे, दुधात भिजून.

दसऱ्याला सकाळी आठला सुवर्णाताईंनी पाटावर अक्षता टाकल्या आणि पाट हलवला. नऊला निघायचं होतं. गुरुनाथरावांनी एक बाण काट्यावर ठेवला. नऊ ग्रेन जास्त.

“म्हणजे साडेचार गुंजा,” सुवर्णाताई म्हणाल्या. मग त्यांनी पिसांकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. “अहो,” एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी किटलीत पाणी चढवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण वाफेवर काय काय उभं राहतं हे स्वयंपाकघरात कळतंच.

भिजून बसलेलं पीस वाफेवर धरलं की पुन्हा उभं राहतं. गुरुनाथरावांनी एक बाण घेतला. कोमट पाण्यानं कुंकू काढलं, दूध काढलं, प्रत्येक पीस वाफेवर धरून बोटानं सरळ केलं, वाळवलं, वजन केलं, एक ग्रेन जास्त आला म्हणून पुन्हा पुसलं, पुन्हा वजन केलं, नखावर टोक टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवला, थरथर आहे का पाहिलं. बाण पूर्वीसारखा झाला, कणभरही फरक नाही. घड्याळात आठ पंचावन्न झाले होते. दुसरा कुणी असता तर पाचही बाण पाच मिनिटांत कसेबसे उरकले असते.

बाहेर शंतनूची गाडी आली. सुवर्णाताईही सोबत निघाल्या. त्यानं ऑफिसला सांगितलं होतं, की मीटिंगला कॅमेरा बंद असेल.

मैदान गावाबाहेर होतं, चहूबाजूंनी तारेचं कुंपण, एक फाटक, एक लाकडी टेबल. टेबलाशी मंडळाचे परीक्षक बसले होते, वेन नावाचे, पोस्टातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिश्यांचे. शंतनूचे बाण कुणी तयार केले ते त्यांना माहीत होतं. मंडळातल्या आणखी तिघांनी त्याच तळघरातून बाण करवून नेले होते. वेन उठून उभे राहिले आणि म्हणाले, की या हाताचा नेम पाहायला ते चार वर्षं थांबले आहेत. मग त्यांची नजर भात्याकडे गेली. त्यांनी हळूच विचारलं, की हे रक्त आहे का. शंतनूनं त्यांना इंग्रजीत खंडेनवमी समजावून सांगितली. वेन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यांचे वडील बंदुकीवर व्हिस्की शिंपडत असत.

गुरुनाथराव रेषेवर उभे राहिले. पहिले चार बाण कुंकवाचे. त्यांनी मनातून ते केव्हाच सोडून दिले होते. चुकलेले बाण संपवून टाकावेत आणि घरी जावं, एवढाच चेहरा. नेम धरला न धरला, दोरी ओढली, सोडली. थप्प. दुसरा. तिसरा. बाणांना सावरायला मागे काहीच नव्हतं. ती पिसं नव्हती, चिकट रंग होता. चौथा. शंतनूनं दुर्बीण पुसून पुन्हा डोळ्याला लावली.

चारही थाळीत होते. एका वाटीत मावतील एवढ्या जागेत.

बोडके बाण बोडकेच सरळ गेले होते. चार वर्षं तळघरात जे म्हटलं ते खरं होतं, आणि ते पाहायला एक बायको, एक सॉफ्टवेअरवाला आणि एक पोस्टमन हजर होते. गुरुनाथरावांचे कान लाल झाले. त्यांनी पाचवा बाण काढला. स्वच्छ, पांढरा, चाळीस मिनिटांचा. आता फक्त हा राहिला होता, आणि याच्यात काहीही चुकीचं नव्हतं.

त्यांनी पाय नीट लावले. परत लावले. दोरी ओढली आणि थांबले. ओढा दिसला असेल, झाड दिसलं असेल. धनुष्याचं टोक बारीक थरथरू लागलं. त्यांनी आयुष्यभर ज्या थरथरीला बोट लावून गप्प केलं होतं, ती आता खांद्यात होती, आणि तिथं चार ग्रॅमचं वजन बसवायला जागा नव्हती. बोटं सुटली नाहीत, निसटली.

थाळीच्या डावीकडे, दोन बोटं बाहेर.

सगळे थाळीकडे चालत गेले. वेन यांनी पाचवा बाण उपटला, उन्हात धरला, पिसांवरून अंगठा फिरवला. मग एका पिसाच्या कडेला वाफेनं आलेली बारीकशी चुणी दाखवून म्हणाले, की हे पाहा, पीस वाकडं आहे. नियम असा आहे, की बाणात दोष असेल तर तो एक बाण पुन्हा मारता येतो. त्यांनी टेबलावरून कागद आणला, ‘बाण सदोष’ या रकान्याशी बोट ठेवलं, पेन पुढे केलं. भल्या माणसाचा चेहरा होता. त्यांना हा माणूस ओढ्यावर हवा होता.

“काका, जस्ट साइन करा,” शंतनू म्हणाला. “आणखी चार बाण आहेतच ना, कुठलाही मारा.”

गुरुनाथरावांनी बाण हातात घेतला. चुणी पाहिली. ती चुणी किती ढकलू शकते याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत होऊन गेला, आणि उत्तर दोन बोटं आलं नाही. केसाची जाडीही आलं नाही. त्यांनी नखावर टोक टेकवून बाण फिरवला. तो भोवऱ्यासारखा फिरला, इतका स्थिर की फिरतो आहे हेही कळू नये.

सुवर्णाताई जवळ आल्या. सकाळपासून त्यांच्या तोंडात ‘माझं चुकलं’ हे वाक्य अडकलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि दुसरंच बोलल्या.

“म्हणा ना, बाण बिघडला होता,” त्या म्हणाल्या. “बाण काय रागावणार आहे? हवं तर म्हणा, माझ्या बायकोनं बिघडवला. मी सही करते खाली.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून बाणाचं टोक पुसलं, आणि तो कुंकवाच्या चार बाणांशेजारी भात्यात ठेवला. धनुष्य पायाशी टेकवून वाकवलं, दोरी उतरवली, गुंडाळली, खिशात ठेवली. सही न करता पेन वेन यांच्याकडे अलगद परत सरकवलं आणि त्यांच्या खांद्याला जरासा हात लावला.

थाळीत चार भोकं होती, कडांना कुंकू लागलेलं. सुवर्णाताईंनी ती थाळी काढून घेतली आणि पदराखाली धरली. वर मान केली, तेव्हा गुरुनाथराव फाटकाबाहेर पडले होते.